डाळिंबाचा तेल्या आणि नॅनो औषध

तेल्या आला की डाळिंबाची हाती आलेली बाग जाते. हा रोग झँथोमोनास नावाच्या जिवाणूचा. तांब्याच्या व जस्ताच्या ऑक्साइडचे नॅनो कण प्रयोगशाळेत असे जिवाणू मारतात. हे कण 100 नॅनोमीटरहून बारीक. आपला केस त्यांच्या शेकडो पट जाड. भुकटी जितकी बारीक, तितकी ती जिवाणूला जास्त भिडते.

पण काचेच्या बशीतला जिवाणू वेगळा नि पावसात भिजलेली बाग वेगळी. दुकानात मिळणारं नॅनो जस्त, नॅनो तांबं हे खत आहे. तेल्याचं औषध समजून त्यावर पैसे घालू नका. लेबलावर पीक आणि रोगाचं नाव वाचा, मगच घ्या.

तोवर जुना बोर्डो विसरू नका. फळं निघून छाटणी झाली की 1 टक्क्याचा फवारा द्या. 1 किलो मोरचूद आणि 1 किलो कळीचा चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवा, तिसऱ्या भांड्यात एकदम ओता, पाणी एकूण 100 लिटर करा. लोखंडी विळा बुडवून पाहा. तांबूस झाला तर चुना वाढवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. रोगट फळं-फांद्या बागेबाहेर नेऊन जाळा.