अर्धा कोयता



९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी जातींवर निबंध वाचला. वय अवघं पंचवीस. जात म्हणजे दारं बंद करून बसलेला वर्ग. गोऱ्या पंडितांनी त्यात रंगभेदाला नको तितकं महत्त्व दिलं. आणि ही दारं बंद राहतात ती बाईला बांधून, सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह यांनी. असं त्यांनी मांडलं.

आपल्या बीड जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यावर निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक! बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते. पहाटेच्या भाकरीही तिच्याच. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती. पाळीत खाडा झाला की दंड, म्हणून कित्येकींनी पिशवीच काढून टाकली. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली.

फडात वंजारी, मराठा, आपली, सगळ्याच बाया मोळ्या वाहतात. मतं मागताना मात्र जो तो पुढारी "आपल्या समाजाचा माणूस" होऊन येतो. बाईची मजुरी वेगळी धरा, असं त्यातला क्वचितच कुणी म्हणतो.

नवरा वारलेली बाई एकटी तोडीला निघाली, तर मुकादमाच्या हिशेबात ती अर्धा कोयता.