अलिबाग वेधशाळेचा धडा : सर्व्हरच्या घड्याळांचा मेळ



अलिबाग येथील चुंबकीय वेधशाळा १९०४ साली उभी राहिली. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या सुरू व्हावयाच्या होत्या आणि त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी बिघडण्याचा धोका होता. म्हणून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी हे काम खाडीपलीकडे अलिबागेस नेले. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन जुन्या व नव्या मालिकांची सांधेजोड करण्यात आली. अशी जोड दोन्हीकडच्या घड्याळांवर अवलंबून असते. घड्याळे जुळत नसतील, तर अचूक उपकरणांच्या नोंदीही परस्परांशी जुळत नाहीत.

१९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहरात ३९ मिनिटे मागे असलेली ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत वापरात होती. म्हणजे नोंदीत नुसती वेळ असून भागत नसे. ती कोणती वेळ, हेही सांगावे लागे.

आज हाच प्रश्न संगणकजाळ्यातील सर्व्हरपुढे उभा आहे. निविदेची अंतिम मुदत, कोषागारातील देयक, दाखल्याची नोंद, वादळाच्या वेळी केंद्राकेंद्रांतून येणारी निरीक्षणे या सर्वांवर सर्व्हर आपल्या घड्याळाची मोहोर उमटवितो. दोन सर्व्हरांत दोन मिनिटांचे अंतर पडले, तर मुदतीत आलेला अर्ज उशिराचा ठरू शकतो आणि एखाद्या बिघाडाचा क्रमच उलटा दिसू शकतो.

संगणकातील क्वार्ट्झ स्फटिकाची चाल दहा लाखांत दहा भागांनी चुकली, तर दिवसाला सुमारे ०.८६ सेकंद आणि महिन्याला सुमारे २६ सेकंदांचा फरक पडतो. यावर उपाय म्हणून ‘नेटवर्क टाइम प्रोटोकॉल’ ही पद्धत १९८५ पासून प्रचारात आली. सर्व्हर वेळ विचारतो, उत्तर घेतो आणि संदेशाच्या प्रवासास लागलेला काळ हिशेबात धरून स्वतःची चूक काढतो.

दोष शोधताना प्रथम फरकाचे स्वरूप पाहावे. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर घड्याळ बरोबर असून जागतिक व भारतीय वेळेच्या मांडणीत गफलत झालेली असते. यंत्र बंद करून सुरू केल्यावर जुनीच तारीख दिसत असेल, तर आतील लहान बॅटरी तपासावी. फरक रोज थोडाथोडा वाढत असेल, तर वेळजुळणीची सेवा बंद पडली आहे काय, किंवा सुरक्षाभिंतीने १२३ क्रमांकाचे द्वार अडविले आहे काय, हे पाहावे. वेळेचे स्रोत दोनच असतील आणि त्यांत मतभेद झाला, तर चुकणारा कोण हे ठरत नाही. म्हणून किमान तीन, शक्य तर चार स्रोत ठेवावेत.

चालू सर्व्हरचे घड्याळ हाताने मागे फिरविणे मात्र टाळावे. तसे केल्यास नंतरची नोंद आधीची ठरते. जुळणीची सेवा घड्याळाची गती किंचित बदलून फरक हळूहळू भरून काढते. सेकंदाला अर्धा मिलिसेकंद या गतीने एक सेकंदाची चूक सुमारे ३३ मिनिटांत दूर होते.

भारतीय प्रमाणवेळ राखण्याचे काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा करते. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांद्वारे शासकीय संस्थांसह इतर संस्थांनाही या प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या वेळेशी, अथवा त्यांच्याशी जोडलेल्या सर्व्हरशी, आपली यंत्रणा जुळविण्यास सांगितले आहे.

या कामास मोठा खर्च लागत नाही, नियमितपणा लागतो. प्रत्येक कार्यालयाने वेळेचा स्रोत कोणता, शेवटची तपासणी केव्हा झाली आणि फरक किती आढळला, याची नोंद ठेवणे अगत्याचे आहे. नागरिकाचा अर्ज मुदतीत आला की नाही, याचा न्याय अखेर त्या घड्याळावरच होत असतो.