जुनी वायर जाळू नका : धुरातलं विष आणि त्याचं मोजमाप



गेल्या उन्हाळ्यात अंकुशनगरच्या शिवारात उसाचा खोडवा पाहायला गेलो होतो. एका विहिरीच्या काठाला काळा धूर दिसला. जवळ जाऊन पाहतो तर मोटारीची जुनी केबल पाचटात टाकून पेटवलेली. वरचं प्लॅस्टिक जळालं की आतलं तांबं मोकळं होतं आणि भंगारवाला चांगला भाव देतो. मी म्हणालो, "काका, हा धूर वाईट आहे." ते म्हणाले, "साहेब, तासाभराचा तर धूर. वाऱ्यानं जाईल निघून."

वारा ज्या बाजूला वाहत होता, तिकडेच त्यांचा लसूणघास उभा होता आणि दोन म्हशी बांधलेल्या होत्या. त्या दिवशी काकांना जे सांगितलं, तेच आज आपल्याला सांगतो.

केबलचं वेष्टण आणि पाण्याचे पांढरे-करडे पाइप बहुधा पीव्हीसीचे असतात. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतो. तो अर्धवट जळणाऱ्या आगीत सापडला, की धूर साधारण २०० ते ४५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असताना त्यात डायॉक्सिन आणि फ्युरान नावाची विषारी द्रव्यं तयार होतात. तांबं तिथं विरजणासारखं काम करतं, म्हणजे ही क्रिया वाढवतं. म्हणून केबल जाळणं हे साध्या कचऱ्याच्या जाळापेक्षाही वाईट.

या कुटुंबात एकूण २१० द्रव्यं आहेत. त्यातली १७ विशेष विषारी. शिवाय पीसीबी नावाच्या तेलकट रसायनांतली १२ द्रव्यं त्यांच्यासारखीच वागतात.

आता ही मोजतात कशी? आपल्या जिल्ह्यात जालन्याला भंगार वितळवून सळई करणारे कारखाने आहेत. भंगाराला रंग, तेल, प्लॅस्टिक चिकटलेलं असेल तर भट्टीच्या धुरात ही द्रव्यं तयार होऊ शकतात. म्हणून अशा धंद्यांच्या वसाहतींत त्यांची तपासणी महत्त्वाची ठरते.

त्यासाठी मोठ्या पंपानं एक दिवस किंवा त्याहून जास्त वेळ हवा ओढतात. आधी ती बारीक तंतूंच्या गाळणकागदातून जाते, मग फोमच्या गोळ्यातून. काही विष धुळीला चिकटून येतं, ते कागदावर अडकतं. काही वाफेच्या रूपात असतं, ते फोममध्ये अडकतं. प्रयोगशाळेत दोन्हींतून ते द्रावकानं काढतात, शुद्ध करतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रावर एकेक द्रव्य वेगळं मोजतात. प्रत्येकाचं विषारीपण सारखं नाही, म्हणून सर्वांत जहाल द्रव्याच्या तुलनेत गुणून बेरीज करतात. त्या बेरजेला टीईक्यू म्हणतात.

मोजमाप पिकोग्रॅममध्ये असतं. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक पिकोग्रॅम. जपानमध्ये हवेसाठी वर्षाच्या सरासरीची मर्यादा एका घनमीटरला ०.६ पिकोग्रॅम टीईक्यू इतकी आहे. एवढं बारीक मोजायचं तर खर्चही मोठा आणि वेळही लागतो.

म्हणून एक गोष्ट ध्यानात ठेवा. हवा चांगली की वाईट हे सांगणारे आकडे आपण पाहतो, ते मुख्यतः धूळ आणि काही वायूंचे असतात. देशाच्या २००९ च्या हवेच्या मानकांत १२ प्रदूषकं आहेत; त्यात डायॉक्सिन नाही. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जालना शहर आहे, पण तो कार्यक्रमही धुळीच्या कणांवर भर देतो. तेव्हा "सगळं मर्यादेत आहे" असं कोणी सांगितलं, तर विचारा : काय काय मोजलं? चिमणीतला नमुना की बाहेरच्या हवेतला? वाऱ्याच्या कोणत्या बाजूला, किती तास? हे प्रश्न विचारायचा आपल्याला हक्क आहे.

पण माणसाच्या अंगात हे विष श्वासातून थोडंच जातं. नव्वद टक्क्यांहून जास्त अन्नातून जातं, मुख्यतः दूध, मांस, मासे, अंडी यांतून. धूर चाऱ्यावर बसतो, चारा म्हैस खाते, आणि विष चरबीत साठून दुधाच्या स्निग्धांशात उतरतं. अंगणातली कोंबडी राखेत आणि मातीत चोच मारते, ते तिच्या अंड्यात येतं. माणसाच्या अंगातून ते निम्मं व्हायला ७ ते ११ वर्षं लागतात. १० जुलै १९७६ रोजी इटलीत सेवेसो गावाजवळच्या रसायन कारखान्यातून असा ढग सुटला. विष अन्नात उतरू नये म्हणून तिथली हजारो जनावरं मारावी लागली.

काकूंनी विचारलं, "दूध चांगलं उकळलं तर जाईल ना?" नाही जात. उकळून जंतू मरतात. हे विष मोडायला ८५० अंशांच्या वरची भट्टी लागते. साय आणि तुपात तर ते जास्तच साठतं.

तेव्हा आपल्या हातात आहे ते करा :

१. केबल जाळू नका. चाकूनं सोलून तांबं काढा, नाहीतर तशीच भंगारात विका. भाव थोडा कमी येईल, पण दूध शाबूत राहील.

२. फुटके पाइप, ठिबकच्या नळ्या, आच्छादनाचा कागद, खताच्या गोण्या पाचटात घालून पेटवू नका. वेगवेगळ्या गोळा करून भंगारात द्या.

३. पाचटही पेटवू नका. सरीत पसरून कुजवा.

४. औषधाचे रिकामे डबे तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या टाकीत घाला, डब्याला भोक पाडा, जाळू नका.

५. जिथं कचरा जळतो तिथला चारा कापू नका, कोंबड्या तिथं सोडू नका. जळालेली राख शेणखतात मिसळू नका.

कारखान्याची चिमणी मोजायला यंत्र लागतं, माणसं लागतात, मागणी लावून धरावी लागते. बांधावरची आग विझवायला काहीच लागत नाही. काकांनी त्या दिवशी उरलेली केबल बाजूला ओढली आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून सोलली. आपणही तेवढं कराल, ही खात्री आहे.

रामराम.