माहितीची पारख आणि विद्यापीठाचे ग्रंथालय



मेहकर तालुक्यातील जानेफळ हे गाव ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येते, त्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाचे ग्रंथालय गावापासून दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. नागपूर विद्यापीठापासून वेगळे होऊन १९८३ साली हे विद्यापीठ स्थापन झाले आणि पश्चिम विदर्भातील विद्यार्थ्याला परीक्षा जवळ आली, पदवीही जवळ आली. ग्रंथालय त्याच्यापर्यंत आले काय, हा प्रश्न मात्र अजून उभा आहे.

केवळ पुस्तके आणि कपाटे वाढवून तो सुटणारा नाही. खेड्यातील विद्यार्थ्याच्या हातात आज मोबाइल आहे. माहितीचा दुष्काळ सरून महापूर आला आहे आणि महापुरातही पिण्याचे पाणी दुर्मिळच असते. नेमका प्रश्न कसा विचारावा, उत्तर कोठे शोधावे, सांगणारा कोण, तो केव्हा आणि कशाच्या आधारावर सांगतो, हे तपासण्याच्या क्षमतेला माहिती-साक्षरता म्हणतात. अमेरिकेतील पॉल झुरकोव्स्की यांनी १९७४ साली ही संज्ञा प्रथम वापरली, तेव्हा त्यांच्यासमोर मुख्यतः कामाच्या ठिकाणी माहिती वापरणारा माणूस होता. आज ही गरज शेतकऱ्याच्या घरातील विद्यार्थ्यालाही तितकीच आहे.

शेजारच्या लोणार तालुक्यातील सरोवराचेच उदाहरण घ्यावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर ज्वालामुखीचे आहे, असे जुन्या ग्रंथांतून दीर्घकाळ सांगितले गेले. ते उल्केच्या आघाताने झाले आहे, हे १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने तेथील काचसदृश खनिजांच्या पुराव्यावरून दाखवून दिले. एकाच कपाटात हे दोन्ही सिद्धान्त सांगणारी पुस्तके सापडू शकतात. त्यातले कोणते ग्राह्य आणि का, हे विद्यार्थ्याला कोणी समजावून द्यायचे? जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा तर्कवितर्कांना ऊत आला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले आणि वाढलेल्या क्षारतेत फोफावणाऱ्या लवणप्रिय सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हा बदल झाल्याचा निष्कर्ष काढला. अफवा गावात त्याच दिवशी पोचते. निष्कर्षापर्यंत चालत जावे लागते. ती वाट दाखविणे हे ग्रंथालयाचे काम आहे.

दुसरे उदाहरण पोटाशी संबंधित आहे. महाराष्ट्रात २०२३ च्या खरीप हंगामापासून शेतकऱ्याला एक रुपयात पीकविमा मिळू लागला. २०२५ साली ही सवलत बंद झाली आणि खरिपातील अन्नधान्य व तेलबियांसाठी विमासंरक्षित रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता शेतकऱ्याकडे आला. एक रुपयाची जुनी चित्रफीत मात्र मोबाइलवर फिरतच राहते. ती खोटी नाही, शिळी आहे. घरात पदवीला शिकणारा मुलगा वा मुलगी असेल, तर मूळ शासन निर्णय शोधून त्याची तारीख पाहण्याचे काम त्यांना जमले पाहिजे. ते जमत नसेल, तर बापाच्या सोयाबीनला त्या पदवीचा उपयोग काय?

हे कौशल्य विद्यापीठे शिकवीतच नाहीत, असे म्हणता येणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ च्या अखेरीस संशोधन व प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम पीएच. डी. करणाऱ्यांना सक्तीचा केला. वाङ्मयचौर्य म्हणजे काय, संशोधनाचे संग्रह कसे वापरावेत, हे त्यात शिकविले जाते. परंतु पीएच. डी.च्या दारापर्यंत किती जण पोचतात? बी. ए., बी. कॉम. करून गावी परतणाऱ्या बहुसंख्य मुलामुलींना हे शिक्षण त्यापूर्वी मिळाले नाही, तर ते कधीच मिळणार नाही. वरच्या मजल्यावर दिवा आणि जिन्यात अंधार, अशी ही व्यवस्था आहे.

शासनाच्या खर्चाची दिशाही तीच आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला मान्यता दिली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके शासकीय उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना खुली करण्यासाठी २०२५ ते २०२७ या तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये ठेवण्यात आले. योजना स्वागतार्ह आहे. मात्र ग्रामीण भागातील बहुतेक महाविद्यालये खाजगी शिक्षणसंस्थांची आहेत, आणि ही नियतकालिके प्रामुख्याने इंग्रजीत आहेत. वापरायला शिकविल्याविना कुलूप काढले, तरी दार उघडत नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच दाखविले होते: महसूल रयतेच्या कष्टातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो. वर्गणीचे पैसेही त्याच रयतेचे आहेत.

आजची मुले यंत्र चालविण्यात शिक्षकांहून तरबेज आहेत, त्यांना वेगळे काय शिकवायचे, असे काही जण विचारतात. यंत्र चालविणे आणि यंत्राचे उत्तर पारखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये शिकल्यासवरलेल्या वकिलांनी संगणकाने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. जेथे वकील फसतात, तेथे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला एकटे सोडणे हे बेजबाबदारपणाचे आहे.

यास्तव मागणी नेमकी असावी. नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाला आहे. त्यात प्रथम वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यासाठी माहिती-साक्षरतेचे दोन श्रेयांक असावेत. अध्यापन मराठीतून व्हावे. ग्रंथपाल आणि विषयशिक्षक यांनी ते मिळून करावे, आणि स्वाध्याय लोणारचे सरोवर, पीकविमा, गावचा पाणीपुरवठा अशा विषयांवर असावेत. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्यासाठी मराठी पाठ तयार करून महाविद्यालयांना द्यावेत आणि ग्रंथपालांना प्रशिक्षण द्यावे. ग्रंथपालाचे पद रिकामे ठेवून हे होणार नाही. म्हणून ती पदे भरण्याची मागणी याच मागणीचा भाग आहे.

यासाठी मार्गही उपलब्ध आहे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून १० प्रतिनिधी निवडले जातात. जानेफळ-मेहकर परिसरातील पदवीधरांनी आपली नावे नोंदवावीत आणि मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला या दोन श्रेयांकांबद्दल विचारावे. कार्यकर्त्यांनी गावोगाव अशी यादी तयार केली, तर विद्यापीठाला या प्रश्नाचे उत्तर टाळता येणार नाही.