मेंदूतील रफूगर

उंची शेरवानीला कसर लागली म्हणजे कोणी ती टाकून देत नाही. ती रफूगराकडे जाते. रफूगर आधी खराब झालेले धागे कापून भोक साफ करतो, शेजारची वीण निरखून तिच्याबरहुकूम नवा धागा भरतो आणि शेवटी टोके अशी बेमालूम जोडतो की, भोक कोठे होते हे धन्यालाही सांगता येऊ नये. प्राणिमात्राच्या पेशीपेशीत हेच काम अहोरात्र चालू असते. तेथील वस्त्र म्हणजे आनुवंशिक गुणांचा लेख धारण करणारा डीएनए हा रेणू, आणि रफूगर म्हणजे काही विशिष्ट विकरे, ज्यांना एन्झाइम या नावाने सर्वजण ओळखतात.

ज्या रेणूवर वंशसातत्याचा सारा भार, तो वज्रासारखा अभंग असणार, अशी समजूत विज्ञानजगतात बराच काळ होती. स्वीडनमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ टोमास लिंडाल यांनी ती खोटी ठरविली. डीएनएचा लेख चार अक्षरांत लिहिलेला असतो. विष नको, किरणोत्सर्ग नको. नुसते भोवतालचे पाणी आणि अंगची ऊब एवढ्यानेच मानवी पेशीतील या लेखाची काही हजार अक्षरे दररोज गळून पडतात. काही अक्षरे आपले रूपच पालटतात. असे रूप पालटलेले एक अक्षर हुडकून ते छाटून टाकणारे विकर लिंडाल यांनी १९७४ साली शोधून काढले. या क्षेत्रातील कार्यासाठी त्यांना, पॉल मॉड्रिक यांना व अझीझ संजर यांना २०१५ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

योगायोग असा की, त्याच १९७४ साली हैदराबाद विद्यापीठ स्थापन झाले. (मराठवाड्यातील जुन्या पिढीला ज्याच्या पदव्या ठाऊक होत्या, ते उस्मानिया विद्यापीठ निराळे.) सरोजिनी नायडूंच्या ‘गोल्डन थ्रेशोल्ड’ या वास्तूत त्याचा आरंभ झाला आणि पुढे ते गच्चीबावलीच्या खडकाळ माळावर गेले. तेथील प्रा. कल्लुरी सुब्बा राव व त्यांचे सहकारी यांनी एक प्रश्न दीर्घकाळ हाताशी धरला : मेंदू म्हातारा होतो तेव्हा त्यातील रफूगरांचे काय होते?

प्रश्न मेंदूचाच का, हे पाहण्यासारखे आहे. त्वचेच्या किंवा आतड्याच्या पेशी झिजतात व त्यांची जागा नव्या पेशी घेतात. मेंदूतील चेतापेशींचे तसे नाही. त्या बहुतांशी जन्मभर त्याच असतात. ऐंशी वर्षांच्या आजोबांच्या डोक्यातील बहुतेक चेतापेशींचे वय आजोबांइतकेच असते. शिवाय मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असले, तरी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा तो एकटाच वापरतो, आणि प्राणवायूच्या ज्वलनातून निघणाऱ्या ठिणग्या डीएनएला डागतात. कापड तर बदलून मिळत नाही आणि कसर इतर अवयवांपेक्षा अधिक, अशी ही अवस्था आहे.

रफूचे काम टप्प्याटप्प्याने होते. एक विकर बिघडलेले अक्षर उपटून काढते, दुसरे त्या जागी धागा कापते, तिसरे समोरच्या धाग्यावरील जोडअक्षर पाहून नेमके अक्षर भरते आणि चौथे सांधा जोडते. यांतील तिसऱ्याचे नाव पॉलिमरेज बीटा व चौथ्याचे लायगेज. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल करणारी मोठी विकरे प्रौढ चेतापेशीत फारशी उरत नाहीत. तेथे बहुतांश भिस्त या पॉलिमरेज बीटावरच असते.

हैदराबादच्या संशोधकांनी कोवळ्या, प्रौढ व वृद्ध उंदरांच्या मेंदूतील चेतापेशींचा अर्क काढला आणि त्यात मुद्दाम एक अक्षर गाळलेले डीएनएचे कृत्रिम तुकडे टाकले. उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे. तेव्हा दोन वर्षांचा उंदीर वृद्धच म्हणावयाचा. कोवळ्या उंदरांच्या अर्काने गाळलेली जागा भरून काढली; वृद्धांच्या अर्काला ते काम पेलेना. एवढ्यावर थांबले असते, तर ‘वय झाले की सारे मंदावते’ या सर्वज्ञात गोष्टीत फारशी भर पडली नसती. परंतु त्यांनी वृद्ध अर्कात बाहेरून शुद्ध पॉलिमरेज बीटा व लायगेज मिसळले, आणि मंदावलेली दुरुस्ती पुन्हा चालू झाली. हे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांतील मर्म असे की, वार्धक्यात सगळाच कारखाना मोडकळीस येतो असे नव्हे. दोन कारागीर कमी पडतात आणि सारे काम त्यांच्यापाशी येऊन अडते.

तथापि परीक्षानळीतील अर्क म्हणजे जिवंत मेंदू नव्हे. बाहेरून दिलेले विकर रक्तातून मेंदूत शिरणे मुळातच कठीण. त्यापुढे ते चेतापेशीच्या केंद्रकापर्यंत पोहोचले पाहिजे. दुरुस्ती मंदावते म्हणून मेंदू म्हातारा होतो, की मेंदू म्हातारा होतो म्हणून दुरुस्ती मंदावते, याचा निवाडाही अशा एका प्रयोगाने होत नाही. विस्मृतीने ग्रासलेल्या वृद्धांच्या कुटुंबीयांना यावरून उद्याच्या औषधाचे आश्वासन देणे अनुचित ठरेल.

आणखी एक अडचण आहे. पॉलिमरेज बीटा आपले अक्षर पुन्हा तपासून पाहत नाही. घाईत चुकीचे अक्षरही भरते. हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकारात तीन अक्षरांचा एक गट वाजवीपेक्षा अधिक वेळा लिहिला गेलेला असतो. २००७ साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की, बिघडलेले अक्षर छाटणारे एक विकरच ही पुनरुक्ती वाढत जाण्यास आरंभ करून देते; ते विकर ज्या उंदरांत नव्हते, त्यांच्यापैकी पुष्कळांत ही वाढ रोखली गेली किंवा लांबली. म्हणजे कोणत्या रुग्णाला रफूगर अधिक हवेत आणि कोणाला कमी, हे आधी ठरवावे लागते.