बटण दाबण्याआधी



हॅम रेडिओ म्हटलं की खोलीभर तारा आणि यंत्रं पसरून बसलेला एखादा छांदिष्ट आपल्या डोळ्यांसमोर येतो. छंद तर तो आहेच. निरोप पोचवण्याचे पैसे घ्यायची हॅमला मुभाच नसते. पण फोन मुके झाले की याच मंडळींची आठवण होते.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅमॅच्युअर रेडिओ या संस्थेच्या भारती प्रसाद सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअरमध्येच होत्या. अंदमानातून जगभरच्या हौशी मंडळींशी बोलण्याची परवानगी सहसा मिळत नसे. ती त्या वेळी मिळाली होती. जमीन हादरली, दूरध्वनी बंद पडले आणि हौसेसाठी मांडलेल्या त्याच संचावरून माणसांच्या खुशालीचे निरोप मुख्य भूमीकडे जाऊ लागले.

ही हकिगत सांगताना लोक योगायोगापाशी थांबतात. मला वाटतं, योगायोग एवढाच की त्या तिथं होत्या. अशा मोहिमेत एकाच वेळी शेकडो केंद्रं हाका मारत असतात. त्या गलक्यातून एक क्षीण आवाज निवडायचा, त्याची ओळखखूण टिपायची, की लगेच पुढचा. संकट आलं तेव्हा कान आणि हात अगोदरच तयार होते.

आपल्याकडे हॅमचा परवाना मिळवण्यासाठी केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाची परीक्षा द्यावी लागते. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेला मुलगाही ती देऊ शकतो. पण त्या परीक्षेत वीजशास्त्र आणि नियम विचारतात. रडणाऱ्या माणसाचा निरोप कसा लिहून घ्यायचा, हे कोण विचारणार? ते वेगळं शिकावं लागतं.

त्यातला पहिला धडा गप्प बसण्याचा. एका लहरीवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. दोघांनी बटण दाबलं तर कुणाचंच धड ऐकू येत नाही. म्हणून एक केंद्र नियंत्रक होतं आणि बाकीचे त्यानं पुकारल्यावर बोलतात. जिवावर बेतलेला निरोप मात्र मध्येच सांगता येतो, खुशालीचे नंतर. नवखा माणूस बटण दाबता दाबताच बोलू लागतो आणि पहिलं अक्षर हवेत विरतं. दाबावं, क्षणभर थांबावं, मग बोलावं. एवढीशी गोष्ट, पण घाईत हात ऐकत नाही.

नावांचं तर विचारूच नका. आमच्या मोहल्ल्यात शेख सलीम आहेत, शेख शमीमही आहेत. खरखरीत दोन्ही सारखेच ऐकू येतात. जखमींच्या यादीत एकाचं नाव दुसऱ्याच्या जागी गेलं, तर एका घरात उगाच आकांत होईल आणि दुसरं घर निर्धास्त राहील. म्हणून नाव अक्षर अक्षर फोडून सांगायचं, ऐकणाऱ्यानं ते परत वाचून दाखवायचं. निरोपासोबत शब्दांची संख्याही पाठवतात. पलीकडे मोजदाद जुळली नाही, तर काहीतरी गळलं आहे हे लगेच कळतं. कवितेतला एक शब्द इकडचा तिकडे झाला तर फार तर समीक्षक रागावतात. इथं तेवढ्यावर भागत नाही.

आणखी एक अवघड गोष्ट आहे, ती म्हणजे दया. ‘प्रकृती गंभीर’ हे सांगवत नाही, म्हणून भला माणूस ‘थोडं बरं नाही’ असं सांगून मोकळा होतो. ऐकणारे मग उद्या निघू म्हणतात. निरोप आपला नसतो, तो आहे तसाच द्यायचा. मला तरी ही शिस्त साऱ्या तांत्रिक ज्ञानाहून कठीण वाटते, आणि ती नुसतं पुस्तक वाचून येत नाही.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि लाखो माणसांच्या हातातले मोबाईल निरुपयोगी ठरले. आज मोबाईल तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत. टॉवरना वीज मात्र तेव्हासारखीच लागते.

सराव काही महागडा नाही. रविवारी एखाद्या मैदानावर जमावं. घरची वीज वापरायची नाही, मोटारीची बॅटरी घ्यायची. चाळीस मीटर पट्ट्यासाठी सुमारे वीस मीटर तार दोन झाडांमध्ये ताणावी. डोंगरावरचं पुनःक्षेपण केंद्र बंद आहे असं धरून संचावरून थेट संचाशी बोलावं. कुणीतरी घाबरलेल्या नातेवाइकाचं सोंग घ्यावं, भरभर बोलावं, मध्येच रडावं. संध्याकाळी चहा पिताना दोन्हीकडचे कागद शेजारी ठेवून शब्द मोजावेत.