वाऱ्याची वीज आणि सरकारची जामिनकी

निसर्गानें एखादी वस्तु फुकट दिली, म्हणजे ती माणसाच्या घरांत फुकट येऊन पडते असें नाहीं. वारा ही अशीच वस्तु आहे. कोळशावर चालणाऱ्या वीजघराला कोळसा रोज विकत घ्यावा लागतो. त्याचा खर्च वर्षानुवर्षें विभागला जातो. पवनचक्कीचें तसें नाहीं. तिला जळण लागत नाहीं. परंतु पाया, मनोरा, पातीं, जनित्र व तारा यांचा सारा खर्च वीज मिळण्यापूर्वींच करावा लागतो. तो बहुधा कर्ज काढूनच भागतो. एक लाख रुपयांचें कर्ज वीस वर्षांत सारख्या हप्त्यांनीं फेडावयाचें असेल, तर शेंकडा पांच व्याजानें वर्षाचा हप्ता सुमारें ८,०२४ रुपये येतो. शेंकडा दहा व्याजानें तोच ११,७४६ रुपये होतो. यंत्र तेंच, वाराही तोच. परंतु हप्त्याचा बोजा मात्र जवळजवळ दीडपट! वाऱ्याच्या विजेचा भाव सावकाराच्या वहींत कसा ठरतो, हें यावरून दिसून येईल.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील शेतकऱ्यांनीं हा धडा दोनदां अनुभवला. १९३५ च्या सुमारास तेथील शहरांत दहांपैकीं नऊ घरांत वीज होती. शेतकऱ्यांच्या घरांत मात्र दहांत एकालाच ती लाभली होती. विरळ वस्तीला तारा नेण्यांत खाजगी कंपन्यांना नफा दिसत नव्हता. अशा वेळीं शेतकऱ्यानें वाऱ्याचा आश्रय केला. माँटानांतील माळावर वाढलेल्या जेकब्स बंधूंनीं बनविलेलीं यंत्रें घराला दिवे पुरवूं लागलीं. ‘विंचार्जर’ या नांवाचें लहान यंत्र तर पुष्कळांनीं रेडिओची विद्युत्‌घटमाला भरण्यासाठींच घेतलें. झेनिथ कंपनी आपल्या रेडिओबरोबर तें सवलतीच्या किंमतींत देत असे. एकाकी शेतघरांत बातम्या व गाणें पोंचलें, तें अशा रीतीनें वाऱ्याच्या पाठीवर बसून.

पुढें १९३५ च्या मे महिन्यांत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ग्रामीण विद्युतीकरणाचें स्वतंत्र खातें स्थापन केलें व १९३६ मध्यें त्यासंबंधीं कायदा झाला. सरकारनें स्वतः वीज विकली नाहीं. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना दीर्घ मुदतीचें, हलक्या व्याजाचें कर्ज दिलें. बहुधा पांच डॉलर वर्गणी भरून शेतकरी सभासद होई. १९४४ मध्यें व्याज शेंकडा दोन व मुदत पस्तीस वर्षें झाली. शेतकरी कर्ज बुडवितील ही भीति खोटी ठरली. बुडीत रक्कम अत्यल्पच राहिली. १९५३ पर्यंत नव्वद टक्क्यांहून अधिक शेतघरांत वीज पोंचली.

परंतु ज्या कर्जानें तारा आल्या, त्यानेंच माळावरील पवनयंत्रांचे दिवस संपविले. त्या यंत्रांची शक्ति बेताची होती, विद्युत्‌घटही झिजत, हें खरें. तथापि सामना सारख्यांचा नव्हता हेंही तितकेंच खरें. तारेच्या पाठीशीं सरकारी तिजोरी उभी होती; पवनयंत्र शेतकऱ्यानें आपल्या गांठच्या पैशांनीं घेतलेलें होतें.

याच तिजोरीचा हात पुढें वाऱ्याच्या पाठीवरही पडला. २००२ च्या शेतीविषयक कायद्यानें शेतकऱ्यांस व ग्रामीण भागांतील लहान व्यावसायिकांस पवन, सूर्य इत्यादि साधनांसाठीं अनुदान व कर्जाची हमी देऊं केली. २००८ मध्यें या योजनेस नवें नांव मिळालें. हमीकर्जाची मर्यादा अडीच कोटी डॉलर, आणि प्रकल्पखर्चाच्या शेंकडा ७५ पर्यंत, अशी ठरली. येथें पैसा पेढीचाच असतो. सरकार केवळ जामीन राहतें: ऋणको चुकला तर नुकसानीचा मोठा वांटा आपण सोसूं, एवढेंच अभिवचन देतें. धोका घटला म्हणजे पेढीला व्याज उतरविणें व मुदत वाढविणें परवडतें. कांहीं वांटा पेढीच्याही अंगावर राहतो, म्हणून ती डोळे मिटून पैसा देत नाहीं. वर्षभर वारा किती वाहतो, वीज कोण घेणार, यंत्राची देखभाल कोण करणार, हें ती आधीं विचारते. उत्तम जामिनकीचें हेंच लक्षण होय. ती धीर देते, पण सावधपणा हिरावून घेत नाहीं.

अशा आधाराला एक मोठें वैगुण्यही आहे. यंत्र वीस वर्षें चालावयाचें असतें. राज्यकर्त्यांचें मन तितकें टिकत नाहीं. २०२५ च्या ऑगस्टांत अमेरिकेच्या शेतकी खात्यानें ग्रामीण व्यवसायांसाठीं असलेल्या दुसऱ्या एका हमीकर्ज योजनेंतून पवन व सौर प्रकल्प वगळल्याचें जाहीर केलें. ज्यानें आधींच हमी मिळविली तो तरला. ज्यानें केवळ वाऱ्याचें मोजमाप करून ठेवलें होतें, त्याचा हिशेब मात्र कोलमडला.

सरकारनें जामीन राहावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न नाहीं. तें कोणासाठीं राहतें, हा खरा प्रश्न आहे. दूरच्या भांडवलवाल्यासाठीं राहिलें, तर गांवाला जमिनीचें भाडें मिळतें व नफा शहराला जातो. गांवकऱ्यांच्या संस्थेसाठीं राहिलें, तर कर्ज फिटल्यावर मनोरा गांवाचाच होतो. महाराष्ट्राला हा भेद नवा नाहीं. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं प्रवरेकांठीं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला व १९५०–५१ च्या हंगामांत चालूं झाला. तेव्हांही शेतकऱ्यांच्या भागभांडवलाला सरकारी साहाय्याची जोड मिळाली होती. ऊस ज्यांचा, कारखानाही त्यांचाच, हें सूत्र तेथें प्रत्यक्षांत आलें. वाऱ्याला अशी मालकी नाहीं. तो कोणाच्याच सात-बाऱ्यावर चढत नाहीं. म्हणूनच त्याच्या विजेचा धनी कोण, हें कर्जरोख्यावर कोणाचें नांव पडतें, यावरूनच ठरतें.